कॉपी न होणाऱ्या हार्ड डिस्कसाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' : एक सविस्तर परीक्षण

बिघडू लागलेल्या हार्ड डिस्कवरची माहिती उतरवून घेण्यासाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' या मोफत प्रोग्रॅमइतके भरवशाचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. सामान्य वापर करणाऱ्याला पहिल्या भेटीतच बिचकवणारे असे साधनही मी क्वचितच पाहिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे त्याचे परीक्षण थोडे विस्ताराने लिहावे लागणार आहे. इंदूरमधील अनेक मराठी मंडळांनी, वाचनालयांनी आणि कुटुंबांनी आपले जुने संग्रह संगणकावर घेतले, ते ज्या डिस्कवर ठेवले त्या आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, आणि त्यातली एखादी कॉपी देईनाशी झाली की पहिल्या तासाभरात जे केले जाते त्यावरच पुढचे बरेचसे अवलंबून राहते.

ज्या डिस्कवर मी हा प्रोग्रॅम वापरला ती १ टेराबाइट क्षमतेची, यूएसबीने जोडण्याची, खिशात मावणारी होती. तिच्यावर राजेंद्रनगर भागातील एका मंडळाचा संग्रह होता : गणेशोत्सवातील कार्यक्रमांची आणि व्याख्यानांची कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणे, हस्तलिखित वार्षिकांची स्कॅन केलेली पाने, नाटकांच्या तालमींची छायाचित्रे. डिस्क माझ्या हाती देताना मंडळाच्या सचिव काकूंनी विचारले, "अहो, फायली दिसतात, काही उघडतातसुद्धा, मग कॉपी का होत नाहीत?" हा प्रश्न वरवरचा नाही. त्याच्या उत्तरातच या प्रोग्रॅमची गरज दडलेली आहे.

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फायलींची नावे, आकार आणि डिस्कवरील त्यांची ठिकाणे 'मास्टर फाईल टेबल' नावाच्या एका स्वतंत्र नोंदवहीत असतात, आणि फायलींचा प्रत्यक्ष मजकूर डिस्कवर इतरत्र पसरलेला असतो. नोंदवहीची जागा शाबूत असेल तर सर्व नावे व्यवस्थित दिसतात. एखाद्या ध्वनिमुद्रणाचा आरंभीचा भाग शाबूत असेल तर ते वाजायलाही लागते. कॉपी करताना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण एक सेक्टर, म्हणजे डिस्कवर मजकूर साठवण्याचा सर्वांत लहान तुकडा, वाचावा लागतो, आणि मधला एखादाच सेक्टर वाचता आला नाही तरी विंडोज ती फाईल अर्धवट टाकून देते. फाईल दिसणे हा डिस्क निरोगी असल्याचा पुरावा होत नाही.

तरीही कॉपी अडली म्हणजे डिस्कच खराब झाली, असे लगेच मानू नये. चार जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाईल फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर जाणारच नाही, मग डिस्क कितीही नवी असो. तेथे दोष जेथून कॉपी करायची त्या डिस्कचा नसून जेथे ठेवायची त्या पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा असतो. विंडोजमधील पुष्कळ प्रोग्रॅम अजूनही फोल्डरांसह पूर्ण नावाची लांबी २६० अक्षरांपर्यंतच स्वीकारतात, आणि मराठीत नावे देणाऱ्यांना ही मर्यादा लवकर आडवी येते, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातले हलन्त चिन्ह संगणक स्वतंत्र अक्षर म्हणून मोजतो. आपल्याला पाच अक्षरांचा दिसणारा 'व्याख्यानमाला' हा शब्द त्याच्या हिशेबी तेरा अक्षरांचा भरतो. अशा फोल्डरात आणखी तीन-चार लांब नावांचे फोल्डर असले की मर्यादा संपते. त्या वेळी फोल्डरांची नावे आखूड करणे एवढाच उपाय पुरतो. जुन्या संगणकावरून आणलेल्या डिस्कवर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो तेव्हाही डिस्कला काही झालेले नसते. फायलींची मालकी जुन्या खात्याच्या नावावर असते, इतकेच.

त्यानंतर वीजपुरवठा आणि केबल. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा असे प्रमाण आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून लांब तारेने जोडलेले असल्यामुळे तेथे डिस्क मध्येच गळते आणि पुन्हा दिसू लागते, असे पुष्कळदा घडते. मागच्या बाजूच्या पोर्टाला, दुसऱ्या आणि शक्य तितक्या आखूड केबलने डिस्क जोडून पाहावी. इतक्यानेच काम झाले तर पुढचे काही करण्याची गरज नाही, आणि तसे झाल्यास मला सर्वांत अधिक आनंद होईल.

मंडळाच्या डिस्कचे तसे झाले नाही. 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक' हा संदेश ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो पाठ झालेला असतो. त्याचा साधा अर्थ असा, की वाचून आलेला मजकूर तपासणीच्या आकड्याशी जुळत नाही. अशा वेळी डिस्क स्वतःविषयी ज्या नोंदी ठेवते त्या वाचाव्यात. या नोंदींच्या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' आणि लिनक्सवर 'स्मार्टमॉनटूल्स' ही मोफत साधने त्या दाखवतात. लांबलचक यादीपैकी चार ओळींकडे लक्ष दिले तरी पुरते. पाचव्या क्रमांकाची ओळ बदली केलेल्या सेक्टरांची असते, १९७ ही वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेल्या सेक्टरांची, १९८ ही दुरुस्त न होणाऱ्यांची, आणि १९९ ही डिस्क व संगणक यांच्यातील वाहतुकीत झालेल्या चुकांची. केवळ १९९ वाढत असेल तर केबल बदलावी. १९७ वाढत असेल तर कॉपी करण्याचे सर्व प्रयत्न तेथेच थांबवावेत. मंडळाच्या डिस्कची १९९ ची ओळ स्थिर होती आणि १९७ ची वाढत होती.

या टप्प्यावर लोक जे करतात त्यातले बरेचसे डिस्कला मारक ठरते. विंडोजमधून तीच फाईल पुन्हा पुन्हा कॉपी करू पाहणे हा त्यातला सर्वांत सामान्य प्रकार. घरगुती वापराची डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर हार न मानता कित्येक सेकंद तोच वाचण्याचा प्रयत्न करत राहते. तिचे वाचक शीर्ष, म्हणजे आतल्या तबकडीवरून मजकूर वाचणारा भाग, त्याच जागेवर फिरत राहते, डिस्क तापते, आणि जो भाग सहज वाचता आला असता त्याची पाळी येण्याआधीच ती निकामी होऊ शकते. जाणकार मंडळी विंडोजमधील 'रोबोकॉपी' ही आज्ञा सुचवतात. निरोगी डिस्कसाठी ती उत्तमच आहे, परंतु तिच्या मूळ मांडणीत एका अडलेल्या फाईलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न आणि प्रत्येक दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती ठरवलेली आहे. हा हिशेब केवळ विश्रांतीचाच मांडला तरी एका फाईलसाठी जवळजवळ साडेअकरा महिने होतात. प्रयत्नांची संख्या शून्य किंवा एक अशी बदलून दिल्याशिवाय ती आजारी डिस्कवर चालवणे धोक्याचे आहे.

विंडोजमधील 'चेकडिस्क' हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवण्याचा सल्ला त्याहून घातक आहे, कारण तो फाईल पद्धती, म्हणजे डिस्कवरील फायलींची मांडणी, दुरुस्त करण्यासाठी त्याच डिस्कवर लिहितो. डीडीरेस्क्यूच्या माहितीपुस्तिकेतही वाचनाच्या चुका देणाऱ्या डिस्कवरील फाईल पद्धती कधीही दुरुस्त करू नये, त्यात आणखी माहिती गमावण्याचीच शक्यता अधिक, असे स्पष्ट बजावले आहे. मंडळाची डिस्क माझ्याकडे येण्यापूर्वी एका दुकानात तिला 'फॉरमॅट करून घ्या, मग चालेल' असे सांगण्यात आले होते. डिस्क कदाचित चाललीही असती. मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत संपूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्ये लिहिणे, आणि त्यानंतर त्या ध्वनिमुद्रणांचा मागमूस उरला नसता. काकूंनी तो सल्ला मानला नाही, यासाठी मंडळाने त्यांचे ऋणी राहावे.

आता प्रत्यक्ष प्रोग्रॅमकडे वळतो. डीडीरेस्क्यू हा अंतोनिओ दिआझ दिआझ यांनी लिहिलेला, २००४ पासून विकसित होत आलेला, जीएनयू प्रकल्पाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. तो फायली कॉपी करत नाही. फाईल, फोल्डर, एनटीएफएस यांची त्याला जाणीवच नसते. डिस्क म्हणजे एकापुढे एक मांडलेले सेक्टर एवढेच तो जाणतो आणि त्या सर्वांची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवतो. १ टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. त्यातले बहुतेक सर्व चांगले असतात, आणि थोडेसे वाईट सेक्टर बाकीच्यांच्या वाटेत उभे असतात. या प्रोग्रॅमचे सारे मोठेपण त्या थोड्यांना बाजूने वळसा घालण्याच्या पद्धतीत आहे.

कसर लागलेल्या पोथीची नक्कल उतरवणारा शहाणा माणूस जशी सुटी आणि स्वच्छ पाने आधी उतरवतो आणि चिकटलेल्या पानांना शेवटी हात लावतो, तशीच याची रीत आहे. पहिल्या टप्प्यात तो मोठ्या तुकड्यांनी भराभर वाचत जातो. चूक आली की तेथे न रेंगाळता ती जागा नोंदवून पुढे उडी मारतो, आणि वाचन फार मंदावले तर त्या भागालाही तात्पुरता वगळतो. या टप्प्यात तो जास्तीत जास्त पाच फेऱ्या करतो आणि त्यांत दिशाही बदलतो, म्हणजे कधी आरंभाकडून शेवटाकडे, तर कधी उलट. खराब पट्ट्याच्या अलीकडून अडलेले वाचन पलीकडून येऊन पुष्कळदा साधते. दुसऱ्या टप्प्यात तो प्रत्येक वाईट तुकड्याच्या दोन्ही कडा एकेक सेक्टर वाचत आत सरकवतो आणि खराब पट्ट्याची नेमकी हद्द ठरवतो. तिसऱ्या टप्प्यात त्या हद्दीच्या आतले सेक्टर एकेक करून खरवडतो. एवढे झाल्यावर उरलेल्यांवर पुन्हा किती वेळा प्रयत्न करावा हे आपण सांगायचे. आपण काही सांगितले नाही तर तो एकदाही करत नाही, आणि ही त्याची भूमिका मला अतिशय योग्य वाटते.

हे सर्व ज्या आधारावर चालते ती गोष्ट म्हणजे मॅपफाईल. ही एक साधी मजकुराची फाईल असते. डिस्कचा कोणता भाग वाचून झाला, कोणता अजून पाहिलाच नाही, कोणत्याच्या कडा तपासायच्या आहेत आणि कोणता खरोखर गेला, याची नोंद तीत अधिक, प्रश्नचिन्ह, तारांकित, तिरकी रेघ आणि उणे अशा चिन्हांनी होत असते. वीज गेली, डिस्क मध्येच गळाली, संगणक बंद करावा लागला, तरी तीच आज्ञा त्याच मॅपफाईलसह पुन्हा दिली की काम थांबले होते तेथून पुढे सुरू होते आणि वाचून झालेल्या सेक्टरांना पुन्हा स्पर्श होत नाही. पैसे देऊन विकत घेतलेल्या काही रिकव्हरी प्रोग्रॅमांत मला ही सोय इतक्या चोखपणे आढळली नाही. मॅपफाईल न देता हा प्रोग्रॅम चालवता येतो, पण तसे कधीही करू नये. मॅपफाईलविना खंडित झालेले काम पहिल्यापासून करावे लागते, आणि आजारी डिस्कला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

मी वापरलेली पद्धत अशी. 'सिस्टमरेस्क्यू' नावाची लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू केला, कारण तीत डीडीरेस्क्यू आधीपासूनच असतो. उबंटू ही लिनक्स प्रणाली वापरायची असल्यास पॅकेजचे नाव 'जीडीडीरेस्क्यू' असे शोधावे लागते, आज्ञा मात्र 'डीडीरेस्क्यू' हीच राहते. आणि कुर्ट गार्लोफ यांचा 'डीडी_रेस्क्यू' हा अगदी वेगळा प्रोग्रॅम असल्यामुळे जुन्या सूचना वाचताना हमखास घोटाळा होतो. उबंटूसारख्या प्रणालीत यूएसबी डिस्क जोडताच ती आपोआप उघडली जाते. ती लगेच अनमाउंट करावी (केबल न काढता प्रणालीपासून सोडवावी), म्हणजे तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही. इमेज ठेवण्यासाठी २ टेराबाइटची नवी डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घेतली. येथे फॅट३२ चालत नाही, कारण चार जीबीची तीच मर्यादा इमेजलाही लागू होते.

आज्ञेत क्रम महत्त्वाचा आहे : आधी आजारी डिस्क, मग इमेज, मग मॅपफाईल. या क्रमात उलटापालट झाली तर सर्वनाश होतो, म्हणून इमेज सरळ दुसऱ्या डिस्कवर न लिहिता फाईल म्हणून लिहिणे मी अधिक सुरक्षित मानतो. लिहिण्याची जागा फाईल नसून अख्खी डिस्क असेल तर 'एफ' हा पर्याय दिल्याशिवाय डीडीरेस्क्यू लिहायला नकार देतो. हा नकार म्हणजे आपल्यासाठी ठेवलेला कठडा आहे आणि फाईल वापरणाऱ्याला तो ओलांडावाच लागत नाही. पहिल्या वेळी 'एन' हा पर्याय दिला की खरवडण्याचा टप्पा वगळला जातो आणि सोपा भाग आधी हाती येतो. दुसऱ्या वेळी 'एन' काढून, 'डी' हा थेट वाचनाचा पर्याय देऊन आणि 'आर' पर्यायाने तीन फेऱ्या सांगून तीच आज्ञा चालवली.

पडद्यावर जे आकडे दिसतात त्यांतला 'शेवटच्या यशस्वी वाचनापासून गेलेला वेळ' मला सर्वांत बोलका वाटतो. तो काही सेकंदांवर राहिला तर डिस्क प्रतिसाद देत आहे असे समजावे. तो सतत वाढत गेला तर थांबून डिस्क निवू द्यावी. इंदुरात मे महिन्यात बाहेरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि बंद खोलीत टेबलावर पडलेली डिस्क त्याहून बरीच अधिक तापते. मी डिस्क धातूच्या जाळीवर ठेवून तिच्यावर टेबलपंखा सोडला आणि काम रात्रीच्या वेळी चालवले. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जो उपाय अजूनही सांगितला जातो तो मात्र कोणीही करू नये. बाहेर काढताच आत दव धरते, आणि वाचक शीर्ष तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असल्यामुळे पाण्याचा सूक्ष्म थेंबही तिला पुरेसा घातक ठरतो. वीज गेली तरी संगणक तगावा म्हणून यूपीएस जोडलेला असणे बरे.

वेळेची अपेक्षा आधीच नीट ठेवावी. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टेराबाइट पावणेतीन तासांत उतरते. वेग १ एमबीवर आला तर त्याच कामाला साडेअकरा दिवस लागतात. आजारी डिस्क या दोन्हींच्या मध्ये कोठेही असू शकते आणि तासातासाला बदलते. मंडळाच्या डिस्कचा फार मोठा भाग पहिल्याच रात्री उतरला. नंतरचा सगळा वेळ अगदी थोड्या भागावर गेला.

येथे या प्रोग्रॅमची पहिली खरी उणीव सांगितली पाहिजे. त्याला फायली कळत नसल्यामुळे रिकाम्या जागेतल्या वाईट सेक्टरवरही तो तितकेच कष्ट घेतो जितके एखाद्या दुर्मिळ व्याख्यानावर. एनटीएफएस डिस्क अर्धीअधिक रिकामी असेल तर ही उधळपट्टी जाणवते. 'डीडीआरयुटिलिटी' या वेगळ्या साधनसंचातील एक प्रोग्रॅम फक्त वापरात असलेल्या भागाचा नकाशा बनवून देतो आणि डीडीरेस्क्यूला तेवढ्यापुरते मर्यादित ठेवता येते, परंतु ही सोय मूळ प्रोग्रॅममध्ये नाही आणि शोधून काढावी लागते. दुसरी उणीव म्हणजे चित्रमय पडद्याचा पूर्ण अभाव. 'डीडीरेस्क्यूव्ह्यू' हा स्वतंत्र प्रोग्रॅम मॅपफाईल रंगीत चौकोनांत दाखवतो. प्रगती डोळ्यांना दिसत राहिली तर माणूस अधीर होऊन मध्येच हात घालत नाही, म्हणून तो जरूर वापरावा. माहितीपुस्तिका अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेली आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि संगणकाच्या जाणकारासाठी आहे. निवृत्त शिक्षक किंवा मंडळाचा कार्यवाह ती वाचून एकट्याने हे काम करील, अशी आशा मला नाही. शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन मात्र नक्की करता येईल.

इमेज तयार झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवली आणि पुढचे सर्व काम इमेजवर, तेही केवळ वाचण्यासाठी उघडून, केले. फोल्डर जसेच्या तसे दिसले आणि फायली साध्या कॉपीने बाहेर आल्या. ज्यांच्या इमेजमध्ये नोंदवहीच फाटलेली निघेल त्यांच्यासाठी 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही मोफत साधने आहेत. फोटोरेक नावे परत देत नाही, फक्त मजकुराच्या धाटणीवरून फायली ओळखून काढतो, त्यामुळे तो शेवटचा पर्याय समजावा.

उरला प्रश्न कोणत्या फायलींना इजा झाली याचा. फाईल कॉपी झाली म्हणजे ती पूर्ण आहे असे आता म्हणता येत नाही, कारण जे सेक्टर वाचता आले नाहीत त्यांच्या जागी इमेजमध्ये रिकामी जागा असते आणि विंडोजला ती चूक वाटत नाही. माहितीपुस्तिकेतील एक युक्ती येथे फार उपयोगी पडते. डीडीरेस्क्यूच्या 'फिल' पद्धतीने मॅपफाईलमधील वाईट जागांवर इमेजमध्ये एखादी ओळखीची खूण लिहायची आणि मग सर्व फायलींत ती खूण शोधायची. जिच्यात ती सापडेल ती फाईल जखमी. हे इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर करावे. अशी नेमकी यादी हातात आली की घबराट संपते आणि काम सुरू होते.

जखम किती खोल आहे हे फाईलच्या प्रकारावर ठरते. मंडळाची ध्वनिमुद्रणे सुदैवाने संकोचन (कॉम्प्रेशन) न केलेल्या वेव्ह स्वरूपात होती. सीडीच्या दर्जाच्या अशा ध्वनीला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात; हल्लीच्या डिस्कवरील एक भौतिक सेक्टर (संगणकाला दिसणारे ५१२ बाइटचे आठ सेक्टर मिळून) ४,०९६ बाइटचा असतो, म्हणजे एक सेक्टर गेला तर सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग हरवतो. वक्त्याच्या वाक्यात एक बारीक टिचकी ऐकू येते, वाक्य जात नाही. स्कॅन केलेल्या जेपीईजी पानांत मात्र एक सेक्टर गेल्याने त्याखालचे सगळे पान विस्कटू शकते, आणि झिप फाईलमधील ज्या भागाला इजा झाली तो उघडतच नाही. संग्रह करणाऱ्यांनी मूळ प्रती संकोचन न करता ठेवाव्यात असे मला या अनुभवानंतर आग्रहाने म्हणावेसे वाटते. जागा जास्त लागते, पण संकट आले तर नुकसान टिचकीएवढेच राहते.

हा प्रोग्रॅम कोणी वापरू नये हेही तितकेच ठामपणे सांगतो. डिस्क जोडल्यावर ठरावीक अंतराने 'टक टक' असा आवाज येत असेल, ती पडलेली असेल, तिच्यात पाणी गेले असेल किंवा संगणकाला ती ओळखूच येत नसेल, तर डीडीरेस्क्यूचा काही उपयोग नाही. खराब झालेले वाचक शीर्ष चालू ठेवणे म्हणजे तबकडीवर ओरखडे ओढणे. अशी डिस्क ताबडतोब बंद करून, जेथे धूळरहित कक्षात ती उघडली जाते अशा सेवेकडे द्यावी. त्याचा खर्च मोठा असतो, आणि संग्रहाचे मोल पाहूनच तो निर्णय घ्यावा. इंदुरात संगणकाची बाजारपेठ म्हटले की लोक आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलकडे जातात. तेथे किंवा कोठेही डिस्क देताना काउंटरवर दोन गोष्टी विचाराव्यात : पहिले काम म्हणून संपूर्ण डिस्कची इमेज काढणार का, आणि मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही याची खात्री देता का. दोन्हींचे उत्तर सरळ 'हो' असे मिळाले नाही तर डिस्क परत घेऊन यावी. 'ठेवून जा, बघतो' हे उत्तर नव्हे.

खर्चाच्या बाजूने पाहता प्रोग्रॅम मोफत आहे आणि खरी किंमत दुसऱ्या, मोठ्या डिस्कची आहे. ती डिस्क पुढे संग्रहाची दुसरी प्रत म्हणून उपयोगी पडते, म्हणजे तोही खर्च वाया जात नाही. या प्रोग्रॅमच्या वापराचा आणखी एक लाभ मला अपेक्षित नव्हता. मंडळाच्या कपाटात त्याच ध्वनिमुद्रणांपैकी काहींच्या जुन्या सीडी दोन-दोन प्रतींत होत्या आणि दोन्ही प्रती जागोजागी खराब झाल्या होत्या. डीडीरेस्क्यू वाचता न आलेल्या जागी इमेजमध्ये शून्ये लिहीत नाही आणि आधी लिहिलेले पुसतही नाही, त्यामुळे पहिल्या सीडीची इमेज काढून झाल्यावर त्याच इमेज आणि मॅपफाईलसह दुसरी सीडी वाचायला दिली की तो केवळ उरलेल्या जागा भरतो. सीडीसाठी सेक्टरचा आकार 'बी' या पर्यायाने २,०४८ बाइट असा द्यावा लागतो. हा मार्ग फायली ठेवलेल्या डेटा सीडींसाठी आहे, आणि दोन्ही सीडी एकाच मूळ प्रतीवरून केलेल्या असाव्या लागतात. निरनिराळ्या वेळी केलेल्या सीडींवर फायलींची जागा बदलते आणि मिश्रण बिघडते. मंडळाच्या सीडींपैकी ज्या जोड्या एकाच वेळी तयार झालेल्या होत्या त्यांच्या इमेजमध्ये पहिल्या सीडीने सोडलेल्या बहुतेक जागा दुसरीने भरून काढल्या, आणि डिस्कवरच्या जखमी ध्वनिमुद्रणांपैकी जी या सीडींवर होती ती तेथून बदलून घेता आली.